नॉट फिट, सर

"नॉट फिट, सर," तेजस म्हणाला.

ब्रीफिंग रूममध्ये आठ कॅडेट ओळीने उभे होते. कॅप्टन साहेबांनी हातातला पेन टेबलावर ठेवला. मी दाराशी होते, हातात सगळ्यांच्या नाश्त्याची पिशवी. बाहेर पुरतं उजाडलं नव्हतं. मेकॅनिक विमानांची कव्हरं काढत होते.

"पुन्हा सांग."

"नॉट फिट, सर. झोप झालेली नाही."

त्या दिवशी तेजस वानखेडेची पहिली सोलो होती. शिकणाऱ्याच्या शेजारी एरवी इन्स्ट्रक्टर बसतो. त्याच्यासमोरही तेच कंट्रोल असतात, चूक झाली की तो विमान आपल्या हातात घेतो. सोलोच्या दिवशी ती सीट रिकामी असते. पट्टीवरून उठायचं, चौकोनी फेरी मारायची, पुन्हा उतरायचं, सगळं एकट्याने. या मुलांच्या आयुष्यात तो दिवस लग्नापेक्षा मोठा. उतरल्यावर मित्र अंगावर बादलीभर पाणी ओततात. बादली मेकॅनिकनी भरून ठेवलेलीच होती.

कॅप्टन साहेब म्हणाले, "ओके. सिट डाउन." आणि पुढच्याकडे वळले. "फिट?"

"फिट, सर."

"फिट?"

"फिट, सर."

ओळीत शेवटी श्रुती होती. ती सगळ्यांत मोठ्याने म्हणाली. तिच्या डोळ्यांखाली काजळ फुटल्यासारखं काळं पडलं होतं.

उडायला आपण ठीक आहोत की नाही, हे आमच्या धंद्यात ज्याचं त्याने सांगायचं असतं. 'नाही' म्हणणाऱ्याला कुणी जाब विचारायचा नाही, असा नियम आहे. त्या खोलीच्या भिंतीवर तसं पोस्टरही होतं. हसणारा पायलट आणि खाली इंग्रजीत: थकला असाल तर बोला, आम्ही तुमच्या सोबत आहोत. मी तिथे लागल्यापासून कुणी बोललं मात्र नव्हतं. तेजस पहिला.

बाकीचे सात जण तेजसच्याच इमारतीत झोपत होते. म्हणजे झोपत नव्हते.

मी पायलट नाही. मी लॉजिस्टिक्स बघते. पायलट व्हायला आलेल्या मुलांना कुठे ठेवायचं, काय खायला घालायचं, पट्टीवर वेळेत कसं पोचवायचं, ही माझी नोकरी. मी बुऱ्हानपूरची, म्हणून मला घेतलं. पायलटच्या ट्रेनिंगबद्दल लोक विचारतात तेव्हा विमानाबद्दल विचारतात, वर्दीबद्दल विचारतात. खोलीबद्दल कुणी विचारत नाही. आईबापही नाही. मुलगा मात्र विमानात तासभर असतो आणि खोलीत उरलेला दिवस.

ही इंटिग्रेशनच्या वर्षांतली गोष्ट. दोन विमान कंपन्या एक होत होत्या आणि 'इंटिग्रेशन' हा शब्द दर वाक्यात येत होता. आमची फ्लाइंग स्कूल त्यांतल्या एका कंपनीची. फोपनारच्या रस्त्याला, केळीच्या बागांच्या मध्ये, लहानशी हवाईपट्टी. पट्टीला लागूनच कॅडेटांचं हॉस्टेल होतं. उठायचं, तोंड धुवायचं, चालत विमानापाशी जायचं. मग दुसऱ्या कंपनीचं एक मोठं ऑफिस बंद झालं. तिथल्या खुर्च्या, टेबलं, कपाटं कुठे ठेवायची हे ठरेना. कुणाच्या तरी डोक्यात आलं, बुऱ्हानपूरला जागा आहे. ट्रक आले आणि आमच्या हॉस्टेलच्या खोल्या छतापर्यंत भरल्या. टेम्पररी, असं सांगितलं गेलं. फर्निचरची किंमत ठरेपर्यंत. नवी बॅच आली तोवर ती ठरली नव्हती.

आमचे बेस मॅनेजर दीक्षित सर इंदूरचे. माणूस वाईट नव्हता, घाबरलेला होता. दोन कंपन्यांचे दोन मॅनेजर आणि पुढे खुर्ची एकच उरणार, हे त्यांना ठाऊक होतं. हेड ऑफिसने सांगितलं, मुलांसाठी गावात जागा बघा. सरांनी राजपुऱ्यात महाजन काकांची तीन मजली इमारत बघितली आणि तिथेच होकार देऊन आले.

मी म्हटलं, "सर, त्या इमारतीच्या मागे कापडाचे लूम आहेत."

"कुठे? मी तासभर बसून आलो. चहा प्यालो. एकदम पीसफुल."

"तुम्ही सुट्टीच्या दिवशी गेलात. आठवड्याला एक दिवस लूम बंद असतात."

"तुम्ही फार लोड घेता हो. घरमालक स्वतः तिथे राहतात. त्यांना तर काही त्रास नाही."

हे खरं होतं. महाजन काकांना मी स्वतः विचारलं. काका कापूस-बियाण्याचे व्यापारी, बोलायला मोकळे. म्हणाले, "आवाज? कसला आवाज, बेटा? मले तर ऐकूच येत नाही. लाइट गेली ना, लूम बंद पडले, की आमची सगळी गल्ली जागी होते. लहान पोरं रडायला लागतात."

काका खोटं बोलत नव्हते. पॉवरलूमच्या गल्लीत जन्मलेल्याला लूम ऐकू येत नाही. मलाही येत नाही. पण बाहेरच्या माणसाला त्या भिंतीजवळ उभं करा. धोटा इकडून तिकडे आपटतो, तिकडून इकडे आपटतो, एका शेडमध्ये असे कितीतरी लूम, आणि प्रत्येकाचा ठेका वेगळा. टेबलावरच्या ग्लासातलं पाणी थरथरतं. पलंगाचे पाय हळूहळू भिंतीपासून सरकतात. ही थट्टा नाही. तेजसच्या खोलीतला पलंग दर दोन-तीन दिवसांनी पुन्हा जागेवर ढकलावा लागायचा, कारण त्या खोलीची आणि शेडची भिंत एकच होती.

आता उन्हाळा. तापीकाठचा उन्हाळा ज्याने पाहिला त्याला सांगायला नको. सकाळ वर आली की जमिनीवरची हवा उकळल्यासारखी वर उठते आणि लहान विमान भाकरीसारखं उलटंसुलटं होतं. म्हणून आमचं फ्लाइंग उजाडता उजाडता सुरू होतं आणि ऊन तापायच्या आत संपतं. व्हॅन गावातून अंधारातच निघते. त्यासाठी मुलांनी तिन्हीसांजेला जेवून झोपायला हवं. लूमची दुसरी पाळी नेमकी तेव्हाच जोरात असते.

मुलांनी सगळं करून पाहिलं. कानात कापूस, त्यावर रुमाल. गच्चीवर गाद्या, पण गच्चीवर शेडच्या पत्र्यातून आवाज जास्त. दुपारी झोपायचा प्रयत्न, पण खोली भट्टी. शेवटी ती व्हॅनमध्ये झोपायला लागली. गाव सुटलं की केळीच्या ट्रॅक्टरमागे व्हॅन रखडायची आणि मागे आठही माना लटकलेल्या. ड्रायव्हर म्हणायचा, "मॅडम, मी पायलट नेऊन राहिलो का वरातीतले लोक परत आणून राहिलो?"

हसू यायचं. मग एके दिवशी हसू थांबलं.

तेजस उतरायच्या तयारीत पट्टीला समांतर उडत होता. रेडिओवर त्याला सूचना आली. उत्तर नाही. पुन्हा आली. शेजारी बसलेल्या कॅप्टन साहेबांनी पाहिलं तर तेजसचे डोळे उघडे होते आणि तो ऐकत नव्हता. त्यांनी विमान हातात घेतलं, उतरवलं, इंजिन बंद केलं आणि चालत गेले. हे तेजसनेच मला सांगितलं, व्हॅनच्या पायरीवर बसून. अकोल्याचा मुलगा. वडिलांचं ऑटोच्या स्पेअर पार्टचं दुकान. चिडला किंवा घाबरला की त्याची बोली बाहेर यायची.

"मॅडम, डोळे उघडे होते माये. मले वाटलं मी जागा हाव. म्हणजे मले समजतच नाही ना, मी कधी झोपतो ते."

"साहेब काय म्हणाले?"

"परवा सोलो आहे म्हणाले. बाजूले कोणी नसणार."

आणि सोलोच्या सकाळी ओळीत उभा राहून त्याने ते तीन शब्द म्हटले. त्या दिवशी महाजन काकांनी सोलोसाठी दराबा मागवून ठेवला होता. लोणी न् साखर घोटून केलेला आमच्या गावचा गोड पदार्थ. डबा तसाच राहिला.

दुसऱ्या दिवशी तेजस पुन्हा म्हणाला, "नॉट फिट." तिसऱ्या दिवशीही. आणि तिन्ही दिवस उरलेले सात जण म्हणाले, "फिट, सर."

दीक्षित सरांनी मला केबिनमध्ये बोलावलं.

"या मुलाचा प्रॉब्लेम काय आहे?"

"लूम."

"बाकीच्यांना नाही का लूम?"

"आहे. ते सांगत नाहीत."

"मग हा का सांगतो?"

सरांचा हा प्रश्न मी अजून विसरलेले नाही.

मी म्हटलं, "सर, हॉस्टेल उघडा. खुर्च्या हलवा. एवढंच आहे."

"अहो, ते फर्निचर माझं नाही, तुमचंही नाही. ॲसेट टॅगिंग बाकी आहे. व्हॅल्युएशनच्या आधी एक स्टूल जरी हललं तर माझी नोकरी जाईल."

त्यांनी हेड ऑफिसला कॉल लावला, स्पीकरवर. तिकडे इंटिग्रेशन टीमच्या एक मॅडम होत्या. आवाज गोड.

"नॉइज सोर्स काय आहे?"

"पॉवरलूम, मॅडम."

"रेसिडेन्शियल एरियामध्ये? मग ते इल्लीगल असेल ना? लोकल पोलिसांशी बोला. निदान बॅच संपेपर्यंत संध्याकाळची शिफ्ट बंद करून घ्या."

मी मध्येच बोलले. "मॅडम, त्या पाळीवर माणसं काम करतात. त्यांना मीटरवर मजुरी मिळते. लूम बंद तर मजुरी बंद."

"आपण कोण?"

"लॉजिस्टिक्स."

"ओके. सो तुमची प्रायॉरिटी आपला कॅडेट असायला हवा, राइट?"

"कॅडेटांचं हॉस्टेल आपल्याकडे आहे. त्यात आपल्या खुर्च्या झोपल्यात."

सरांनी स्पीकर बंद केला.

आमच्या घरी वर्तमानपत्र यायचं नाही, पर्चे, म्हणजे पत्रकं, छापली जायची. बाबा शाळेत मास्तर आणि शाळेनंतर लूम कामगारांच्या युनियनचं लिहिण्याचं काम करायचे. मी अक्षरं शिकले ती त्या पर्च्यांवर. मजुरी, पाळी, सुट्टी, हे माझे वाचनाचे पहिले धडे. त्या माणसांची पाळी बंद करून पायलट झोपवायचे, हे मी करणार नव्हते आणि तसं मी सरांना सांगितलं. ते म्हणाले, "ठीक आहे, तुम्ही नका करू."

मग ते स्वतः गेले. शेडच्या सेठकडे, सोबत एका ओळखीच्या पोलिसाला घेऊन. त्याच संध्याकाळी दुसरी पाळी बंद झाली.

पुढच्या पहाटे व्हॅन निघाली तेव्हा गल्लीच्या तोंडाशी काही माणसं उभी होती. दगड नाही, घोषणा नाही. नुसती उभी. पुढे संतोष भाऊ. चार लूम बघणारा माणूस, माझ्या लहानपणी बाबांचे पर्चे घरोघर टाकायचा. तो खिडकीपाशी आला.

"काय ताई, झोपले का तुमचे पायलट?"

मी खिडकीची काच पूर्ण खाली घेतली.

"आम्हीबी झोपलो. पाळीच नाही तं काय करता, सगळी गल्ली झोपून राहिली. पोरं रडली थोडी." त्याने मागे बसलेल्या मुलांकडे एकेक करून पाहिलं. मग आवाज उतरवून म्हणाला, "मास्तरांना नका सांगू. त्यांना वाईट वाटेल."

त्याने हात केला आणि माणसं बाजूला झाली. व्हॅनमध्ये त्या दिवशी कुणीही झोपलं नाही.

पट्टी जवळ आल्यावर तेजसने विचारलं, "मॅडम, हे आमच्यामुळे?"

"खुर्च्यांमुळे," मी म्हटलं.

पण ते त्यांना पटलं नाही, आणि मलाही पूर्ण पटत नव्हतं.

ती बंदी फार टिकली नाही. पहिल्या पाळीच्या लोकांनी सांगितलं, दुसरी बंद तर आम्हीही बंद. सेठला कापड द्यायचं होतं. दोन्ही पाळ्या पुन्हा सुरू झाल्या, आणि ग्लासातलं पाणी पुन्हा थरथरायला लागलं.

त्या संध्याकाळी मी जेवणाचे डबे घेऊन गच्चीवर गेले तर आठही जण गोल करून बसले होते. आवाजामुळे एकमेकांच्या कानाशी बोलावं लागत होतं. श्रुती बोलत होती. "मी रोज खोटं बोलते. आपण सात जण बोलतो. म्हणून तेजस आजारी दिसतो, भित्रा दिसतो."

एक जण म्हणाला, "सगळे नाही म्हणालो तर स्ट्राइक म्हणतील. सगळेच जाऊ."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी म्हटलं, "स्ट्राइक करा असं मी सांगणार नाही. ज्याची झोप झाली असेल त्याने फिट म्हणावं. नसेल झाली तर तसं म्हणावं. खोटं कुणी बोलू नका, एवढंच."

"आणि आमच्या फाइलीत लिहिलं तर?" तो म्हणाला.

"आठ फाइलींत एकच गोष्ट लिहायला हात जड होतो."

सकाळी कॅप्टन साहेबांनी ओळीच्या उलट टोकापासून सुरुवात केली. कारण मला माहीत नाही. पहिली श्रुती आली.

"फिट?"

"नॉट फिट, सर."

पुढचा. "नॉट फिट, सर." त्याच्या पुढचा. आठव्यापर्यंत साहेबांनी तोच प्रश्न त्याच आवाजात विचारला, घाई केली नाही. मग पेनाला टोपण लावलं, बाहेर गेले आणि मेकॅनिकना म्हणाले, "कव्हर लगा दो." तिथूनच दीक्षित सरांना फोन केला.

"आज फ्लाइंग नाही."

सरांचा आवाज फोनबाहेर ऐकू येत होता. "का?"

"वैमानिक नाहीत."

विमान जमिनीवर उभं राहिलं की कंपनीला ते लगेच दिसतं. माणूस जागा राहिला तर दिसत नाही. दुपारच्या आत हेड ऑफिसहून परवानगी आली. फोपनारहून केळीच्या ट्रॉल्या मागवल्या. एका बागाईतदाराचं केळी पिकवायचं जुनं गोडाऊन रिकामं होतं. खुर्च्या, टेबलं, कपाटं सगळं तिथे गेलं. ॲसेट टॅगिंगसुद्धा त्याच दुपारी झालं. स्टिकरचं एक बंडल होतं, दोन माणसांनी चिकटवून टाकलं. एवढंच काम होतं ते.

त्या रात्री मुलं हॉस्टेलमध्ये झोपली. त्याच आठवड्यात एकामागून एक सगळ्यांच्या सोलो झाल्या. तेजसची मी पट्टीच्या कडेला उभी राहून पाहिली. रेडिओवर त्याचं उत्तर दर वेळी पहिल्या हाकेला येत होतं. उतरला तो असा, की चाकं कधी टेकली ते धुळीवरून कळलं. त्याच्यावर बादली श्रुतीने ओतली.

इथे थांबता आलं असतं तर बरं झालं असतं.

बॅच संपली तेव्हा इंटिग्रेशन अजून चालूच होतं आणि कंपनीला ठरल्यापेक्षा कमी पायलट हवे होते. आठांपैकी सात जणांना पुढच्या ट्रेनिंगचं पत्र आलं. तेजसला आलं नाही. कारण दिलं होतं, ट्रेनिंगमध्ये सातत्य नाही.

मी दीक्षित सरांकडे गेले. "सर, सातत्य म्हणजे काय?"

"तीन दिवस नॉट फिट."

"एक दिवस तर सगळेच होते."

"तो दिवस धरलेला नाही. आठही जणांना धरला तर बॅचच उरत नाही. मग मी उत्तर काय देणार?" ते माझ्याकडे बघत नव्हते. "एकट्याचं धरता येतं."

"भिंतीवर पोस्टर आहे, सर."

"हो," ते म्हणाले. "ते नवीन कंपनीच्या लोगोचं येणार आहे. जुनं काढून ठेवा."

कॅप्टन साहेबांनी तेजसच्या बाजूने लेखी दिलं होतं. माझ्या बॅचमधला सर्वांत सुरक्षित मुलगा, असं. उपयोग झाला नाही. मीही लिहिलं, बाबांच्या पर्च्यांसारखं, जोरदार. त्याला उत्तर आलं नाही.

तेजसला स्टेशनवर सोडायला मी गेले होते. महाजन काकाही आले, हातात दराब्याचा डबा.

"घे रे बाबा. सोलोचा राहून गेला होता." मग म्हणाले, "तुमी लोक गेले तं वरचा मजला सुनासुना वाटून राहिला. पण खरं सांगू, आता मले आवाज ऐकू येतो. तुमी लोकांनी सवय मोडली माही."

तेजस हसला. गाडीत चढताना मला म्हणाला, "मॅडम, मी त्या दिवशी फिट म्हणालो असतो तर?"

"तर सोलोला गेला असतास."

"हो ना," तो म्हणाला. त्या सोलोचं काय झालं असतं, ते दोघांनाही माहीत होतं.

तो आता अकोल्यात वडिलांच्या दुकानात बसतो. लायसन्स आहे, मेडिकल आहे. इतर कंपन्यांना अर्ज करतो. प्रत्येक ठिकाणी आधीच्या कंपनीने का ठेवलं नाही, हे विचारतात.

मी अजून तीच नोकरी करते. नवी मुलं येतात, त्यांचे आईवडील बॅगा घेऊन येतात, आणि मी त्यांना खोलीबद्दल सांगते. ट्रेनिंग कुठेही असो, खोली बघायला जायचं ते ज्या वेळी तुम्ही झोपणार त्या वेळी. सुट्टीच्या दिवशी जायचं नाही. घरमालकाला आवाजाबद्दल विचारू नका, त्याला ऐकू येत नाही. भिंतीला तळहात लावा आणि जरा थांबा. पट्टीपर्यंतचा रस्ता नकाशावर बघू नका, अंधारात एकदा जाऊन या. ट्रॅक्टर नकाशावर नसतात.

मग आईवडील गेल्यावर मी मुलांना एकत्र बसवते आणि उरलेलं सांगते. झोप झाली नसेल तर 'नॉट फिट' म्हणायचं, तो तुमचा हक्क आहे, नियम खरा आहे. पण ओळीत एखादा तसं म्हणाला, तर त्याच्या पुढच्या माणसाने खोटं बोलायचं नाही. तेजसची नोकरी गेली ती त्या पहिल्या सकाळी, त्याच्या नंतरच्या "फिट, सर"मध्ये.